सव्वा तासाचं विमान आणि शिगेची पायली

परतूर,
माघ शुद्ध दशमी, सन १९५७

व्याही काकासाहेब यांना परतूरच्या मोंढ्यातून श्रीपती मापारी याचा दोन्ही हात जोडून रामराम.

सर्वांत आधी तुमचा गुडघा कसा आहे ते कळवावं. दिवाळीच्या पत्रात तुम्ही डावा लिहिला होता आणि संक्रांतीच्या पत्रात उजवा, तेव्हा दुखणं असंच चालत राहिलं तर एक दिवस अंगाबाहेर पडून जाईल अशी मला उमेद आहे. विहीणबाई पुष्पाबाईंचा दमा समुद्राच्या हवेनं वाढतो की कमी होतो, हे मला अजून समजलेलं नाही (तुम्ही वाढतो म्हणता, त्या कमी होतो म्हणतात, आणि दमा त्यांचा असल्यामुळे मी त्यांचं धरून चालतो). जावईबापू जगन्नाथरावांचं पित्त आता बराबर आहे ना? विमान कंपनीच्या कचेरीत दिवसाला आठ आठ कप चहा होतो असं रजनीनं लिहिलं होतं. एवढा चहा आमच्या मोंढ्यातले हमालसुद्धा पीत नाहीत, आणि ते पाठीवर पोती वाहतात; कागद वाहणाऱ्याला तो कसा सोसावा? तुमच्या गॅलरीतला मिठू बरा असेल. लग्नाच्या बोलणीला आलो होतो तेव्हा त्यानं मला तीन वेळा ‘कोण आहे?’ विचारलं होतं आणि मी तिन्ही वेळा उठून नाव सांगितलं होतं. आणि रजनी कशी आहे? तिची चौकशी मिठूच्याही मागून करतोय, कारण पोरीच्या बापानं पहिल्याच ओळीत पोरीचं विचारलं तर ते बरं दिसत नाही. खरं सांगायचं तर कागद पुढं ओढला तेव्हा सर्वांत आधी तेच विचारायचं होतं.

इकडे आम्ही दोघं खुशाल. रजनीच्या आईचं एकच दुखणं आहे आणि त्याला औषध तुमच्या हातात आहे, म्हणून हे पत्र.

तुमचं मागचं पत्र आलं त्या दिवशी मी मोंढ्यात जवारी मोजत होतो. तुम्ही लिहिलं होतं की रजनीला सातवा सरत आला, पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं हा रिवाज तुम्हालाही मान्य आहे, पण तुमच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलंय की तुमच्या दारापासून आमच्या दारापर्यंत सहा तासांच्या वर एक मिनिट प्रवास नको. आगगाडीनं यायचं तर मनमाडला छोट्या रुळाची गाडी धरावी लागते आणि अख्खा दिवस मोडतो, म्हणून आगगाडी बाद. जगन्नाथरावांना कंपनीकडून वर्षाला घरच्या एका माणसासाठी विमानाचा पास मिळतो, तो वापरून सहा तासांत बसवून दाखवा, तर पोरगी पाठवतो, नाहीतर बाळंतपण मुंबईतच होईल. हे वाचलं आणि काकासाहेब, चाळीस वर्षांत पहिल्यांदाच मी सातव्या मापाला नववं म्हणून हाळी दिली. शेतकरी चांगला होता, त्यानं स्वतःच दुरुस्त केलं. पण संध्याकाळी घरी पत्र वाचून दाखवलं तेव्हा रजनीची आई एकच वाक्य बोलली: “दोन साल झाले, पोरीला डोळ्यांनी पाह्यलं न्हाई.” मग ती जात्यावर बसली आणि दळण संपलं तरी ओढतच राहिली. मी म्हटलं, आपण मापारी माणूस, आयुष्यभर लोकांचं मोजलं; आता हे सहा तास मोजून दाखवू.

आधी विमानतळापासून विमानतळापर्यंतचं अंतर काढायला बसलो. तुम्ही म्हणाल, जगन्नाथरावांनाच विचारायचं होतं. विचारलं असतं, पण जावयाला पहिल्याच दिवशी अडाण्यासारखा प्रश्न टाकायचा तर आपली थोडी तयारी हवी. म्हणून शाळेत गेलो. आमचे धर्मराज गुरुजी मोठे भले माणूस आहेत, आधी उर्दूत शिकवत होते, आता मराठीत शिकवतात, आणि दोन्हींत सारखंच रागावतात. त्यांच्याकडे एक नकाशा आहे, कापडावर चिकटवलेला, चांगला पुरुषभर उंच. पण तो निजामाच्या वेळचा. मागच्या नोव्हेंबरात आम्ही तुमच्या मुंबई राज्यात आलो खरे, पण नकाशा अजून आलेला नाही. त्यात आमचं परतूर आहे, जालना आहे, औरंगाबाद आहे, आणि औरंगाबादच्या डाव्या अंगाला थोडं चाललं की राज्य संपतं, कापड संपतं आणि शाळेची भिंत सुरू होते. मुंबई त्यात नाहीच.

आता आली का पंचाईत. मी सुतळीनं औरंगाबाद ते जालना मोजलं, ते दोन बोटं भरलं, म्हणजे दोन बोटांना अदमासे पस्तीस मैल. पण मुंबई भिंतीवर नेमकी कुठं, यावर वाद झाला. गुरुजी म्हणाले, कापडाच्या कडेपासून वीतभर सरळ. माझा दोस्त मच्छिंद्र (गाडीवान आहे, दिलाचा साफ आहे, आणि एकदा मुंबईला जाऊन आलेला आहे, त्यामुळे त्याच्यासमोर मुंबईचं काही बोलायची सोय नाही) म्हणाला, “गुरुजी, म्या तिथं सूर्य समुद्रात बुडताना पाह्यलाय. मावळतीकडं धरा, मावळतीकडं.” मावळतीकडे शाळेचं दार होतं. मुंबई दारात गेली असती तर येणाऱ्या-जाणाऱ्यानं तुडवली असती, म्हणून शेवटी तिघांच्या मतानं दाराच्या अलीकडे जी खुंटी आहे, जिच्यावर गुरुजींची छत्री असते, ती मुंबई ठरली. सुतळी लावली, एकशे सत्तर मैल भरले. मी फार खुशीत घरी आलो. दुसऱ्या दिवशी पडताळा घ्यायला गेलो तर दोनशे दहा! रात्रीत मुंबई चाळीस मैल लांब. पुष्कळ डोकं खाजवल्यावर उमगलं की गुरुजी रोज संध्याकाळी नकाशा गुंडाळतात आणि सकाळी जो खिळा हाताला लागेल त्यावर टांगतात. खुंटी जागची हलत नाही, पण निजामाचं राज्य रोज थोडं पुढं-मागं होतं. मग पाच दिवस पाच वेळा मोजलं आणि त्याची सरासरी जगन्नाथरावांना लिहून पाठवली: एकशे ऐंशी मैल, बरोबर का? त्यांचं उत्तर आलं की विमानाच्या सरळ वाटेनं सुमारे एकशे पंच्याहत्तर, आणि वेळ सव्वा तास. काकासाहेब, फक्त पाच मैलांची चूक! एवढा फरक तर पोत्यातल्या पोत्यात पडतो. तेव्हापासून गुरुजी त्या खुंटीला छत्री टांगताना थोडा मान देतात.

सव्वा तास हे ऐकून मोंढ्यात मात्र कुणाचा विश्वास बसेना. मच्छिंद्रानं पहिला सवाल केला, “मंग मनमाडला किती वेळ थांबतं?” मी म्हटलं, थांबत नाही. तो हसला. म्हणाला, “तात्या, तुम्हाला जावयानं बनवलं. मुंबईची कोणती बी गाडी मनमाडला थांबल्याबिगर ऱ्हातच न्हाई. पाणी कुठं भरनार? इंजनाला पाणी लागतंच की.” मी त्याला समजावलं की विमानाला रूळ नसतात, ते मनमाडला वळसा घालत नाही, सरळ जातं. त्यावर तो गंभीर झाला आणि म्हणाला, वाटेत कुणालाच न विचारता जायचं म्हणजे चुकायची भीती फार. (ही गोष्ट मला अजून पटते. जगन्नाथरावांना सवडीनं विचारून कळवावं.)

तर हिशेब असा बसला. तुमच्या घरून विमानतळ अर्धा तास, तिथं आधी जाऊन बसणं अर्धा तास, हवेत सव्वा तास. झाले सव्वादोन. उरले पावणेचार, त्यात औरंगाबादजवळच्या चिकलठाण्याच्या विमानतळावरून परतूर. आमच्याकडे येणारी सकाळची आगगाडी तिथूनच जाते, पण ती विमान उतरायच्या वीस मिनिटं आधी निघून जाते आणि नंतरची संध्याकाळी. मी आमच्या स्टेशनमास्तरांना विनंती केली की बाळंतिणीचा मामला आहे, गाडी वीस मिनिटं धरून ठेवता येईल का? ते बोलायला फार सभ्य. म्हणाले, “तात्या, गाडीच्या डब्यांत दीडशे लोक वाट पाहत बसलेले असतात. विमानात माणसं थोडी, त्यालाच वीस मिनिटं लवकर यायला सांगा ना.” म्हणून आगगाडी इथंही बाद. राहिली सडक. चिकलठाणा ते जालना दीड तास, जालना ते परतूर सव्वादोन. कागदावर बरोबर सहा तास, ना एक मिनिट कमी, ना जास्त.

पण कागदावर माप भरणं आणि पायलीत भरणं यांत फरक असतो, हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक? मी ठरवलं की आधी आपण स्वतः ती वाट मोजून यायची. नुसता वेळ नाही, धक्केसुद्धा. आता धक्का कसा मोजावा? तुम्ही शहरातले लोक म्हणाल, त्याला यंत्र असेल. आमच्याकडे यंत्र आधीपासून आहे. पायली शिगोशीग भरली, म्हणजे वर धान्याचा कळस चढवला, की तो कळस धक्क्याला फार नाजूक असतो. माप जरा कुणी हलवलं की दाणे खाली बसतात आणि शीग उतरते. लबाड मापारी हेच करून शेतकऱ्याला बुडवतात (मी कधी केलं नाही, रजनीची शपथ), म्हणून मला ठाऊक आहे की कोणत्या धक्क्याला किती दाणे जातात. मी मनाशी ठरवलं: पायलीभर जवारी मांडीवर घेऊन यायचं. शीग शाबूत राहिली तर रजनी सुखानं येईल. मूठभर सांडली तर उशी द्यावी लागेल. आणि दाणे काठाच्या खाली गेले तर परवानगी मागायचीच नाही.

मागच्या सोमवारी औरंगाबादेत धर्मशाळेला उतरलो आणि मंगळवारी सकाळी टांग्यानं चिकलठाण्याला जाऊन कुंपणाशी उभा राहिलो, डोक्याला फेटा, कडेवर पायली, पिशवीत जास्तीची जवारी. तिथला शिपाई आला. “चाचा, ये जवारी किसको देनेकी?” मी म्हटलं, कुणालाच नाही, विमान आलं की मोजायला सुरुवात करायची आहे. त्यानं स्वतःहून मला सावलीत उभं राहायला जागा दिली. बरोबर नऊ वाजून पाच मिनिटांनी विमान उतरलं. काकासाहेब, खोटं कशाला बोलू, ते उतरलं तेव्हा माझ्या पायांखालची जमीन थरथरली आणि विमानात न बसताच माझी पहिली मूठ सांडली. ती मी पिशवीतून भरून घेतली, कारण तेव्हा मोजणी सुरू झाली नव्हती. विमानातून लेणी पाहायला आलेले गोरे लोक उतरले. एका मडमेला वाटलं असावं की या मुलखात पाहुण्यांचं स्वागत असंच करतात, तिनं चिमूटभर जवारी उचलली, कपाळाला लावली आणि माझा फोटो काढला. मी शीग पुन्हा सारखी केली.

जालन्याच्या मोटारीत चढलो तर कंडक्टर म्हणे, माप टपावर टाका. टपावर टाकून काय मोजणार? मी त्याला सगळं समजावलं, सहा तास, डॉक्टरीणबाई, सातवा महिना. तो भला माणूस, त्यानं ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, “आहिस्ता रे, गाडीत बाळंतीण हाये!” सगळी मोटार वळून बाळंतीण शोधू लागली. शेजारच्या म्हातारीनं माझ्या मांडीवरचं भरलेलं माप पाहिलं आणि तिचा वेगळाच समज झाला. घरात येताना नवरी माप ओलांडते ना, ते हेच असं धरून तिनं विचारलं, “नवरी कुठल्या गावची?” मी म्हटलं, नवरी दोन वर्षांपूर्वीच गेली, आता ती परत आणायचीय. म्हातारीनं डोळ्याला पदर लावला आणि बदनापूर येईपर्यंत मला सासुरवासाच्या कितीतरी गोष्टी सांगितल्या. त्यांचा तुमच्याशी काही संबंध नाही. बदनापूरला पहिला खड्डा आला आणि शीग निम्मी उतरली. जालन्याला पोचलो तेव्हा दाणे काठाबरोबर होते. वेळ मात्र ठीक, एक तास पस्तीस मिनिटं.

खरी गंमत जालन्याच्या पुढं झाली. परतूरची मोटार त्या दिवशी निवडणुकीच्या कामाला लागलेली. तुमच्याकडेही सध्या तेच चालू असेल. तेवढ्यात एक जीप परतूरकडे निघालेली दिसली, आत एक उमेदवार (नाव लिहीत नाही, निवडून आला तर उपयोगी पडेल) आणि चार कार्यकर्ते. त्यांनी मोठ्या मनानं मला घेतलं, कारण फेटेवाला म्हातारा गाडीत असला की गावोगाव बरं दिसतं. मला वाटलं, जीप म्हणजे दोन तासांत घरी. पण जीप प्रत्येक गावाला थांबे आणि उमेदवार उभा राहून भाषण करी. दुसऱ्या गावात त्याची नजर माझ्या पायलीवर गेली. त्यानं ती माझ्या मांडीवरून उचलली, डोक्याच्या वर धरली आणि गर्जना केली, “आमच्या राज्यात प्रत्येकाला असं भरलेलं माप मिळेल!” टाळ्या पडल्या. मी खालून ओरडतोय, “साहेब, ते हलवू नका, त्यात माझी पोरगी हाये!” लोकांना वाटलं, मी घोषणाच देतोय, त्यांनी त्यावरही टाळ्या दिल्या. तिसऱ्या गावात आयाबायांनी मापाला हळदकुंकू लावलं आणि प्रसाद म्हणून चिमूट चिमूट नेली. चौथ्या गावात विरोधी पक्षाच्या एका माणसानं हात घालून पाहिलं, खाली दगड तर नाहीत ना. दुधना नदीच्या वाळूत जीप रुतली, ती एका शेतकऱ्याच्या बैलांनी काढली, आणि आम्ही ढकलत असताना त्याच शेतकऱ्याची शेळी निवांत माझ्या मापात तोंड घालून उभी. घरी पोचलो तेव्हा साडेसहा वाजले होते. विमान उतरल्यापासून नऊ तास पंचवीस मिनिटं. मापात पसाभर जवारी, तीसुद्धा कुंकवानं लाल. आणि त्यातलं धक्क्यानं किती गेलं, मतदारांनी किती नेलं आणि शेळीनं किती खाल्लं, हे देवालाच ठाऊक. मोजणी साफ फसली.

रजनीची आई दारातच होती. तिनं पायली हातात घेतली, आत पाहिलं आणि म्हणाली, “अशी आनता व्हय माझ्या लेकीला?” मग मी जेवायला बसलो आणि अर्ध्या ताटावरून उठलो.

तरीही मी हार मानलेली नाही. दोन दिवस बसून नवा बेत केला आहे, तो नीट वाचावा. जालन्याच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याची मोटारगाडी विमानतळावर आधीच उभी राहील. आत कापसाच्या दोन गाद्या. दुधनेच्या अलीकडे मच्छिंद्र बैलगाडी घेऊन तयार असेल, तो तिला पाण्यातून पलीकडे काढील (त्याचे बैल पाण्यात थांबून राहतात ही सवय आहे, पण त्यानं त्यांच्याशी बोलायचं कबूल केलंय). पलीकडे दुसरी मोटार. उमेदवारांना मी स्वतः भेटून त्या दिवशी या रस्त्याला सभा घेऊ नका असं सांगेन. हे सगळं जुळलं, शेळी बांधलेली असली आणि विमानाला कुणी वाटेत अडवलं नाही, तर घड्याळानं पाच तास पंचावन्न मिनिटं होतात. पाच मिनिटं उरतात, त्यात रजनीनं चिकलठाण्याला चहा घ्यावा. तेव्हा काकासाहेब, हात जोडून मागणं की पोरीला पाठवावं. तिच्या आईनं सुपारीएवढे डिंकाचे लाडू आत्ताच वळून ठेवलेत, आणि खोलीला दोनदा सारवण झालंय.

विहीणबाईंना नमस्कार, जगन्नाथरावांना आशीर्वाद, मिठूला माझं नाव सांगावं.

तुमचा,
श्रीपती

ता. क. वर सही केल्यावर हे पत्र रजनीच्या आईला वाचून दाखवलं. गाद्या, बैल, दोन मोटारी, सगळं तिनं मान न हलवता ऐकलं. मग म्हणाली, “एवढा खर्चा आन् एवढा घोर कशापायी? सहा तासांची अट पोरीला हाये. मला कुठं हाये? मी का जाऊ न्हाई?” काकासाहेब, ही गोष्ट मला, गुरुजींना, मच्छिंद्राला आणि मुंबईच्या खुंटीला, कुणालाच सुचली नव्हती. मी म्हटलं, बरोबर बोललीस, पण पास रजनीचा आहे. तेव्हा ती उठली आणि डाळीच्या डब्यातून एक पाकीट काढून माझ्यापुढं ठेवलं. त्यात पास. त्यावर टंकयंत्रानं छापलेलं: नंदाबाई श्रीपती, परतूर. बत्तीस वर्षांत मी तिचं नाव तोंडानं घेतलं नाही, आणि कंपनीनं ते इंग्रजीत आणि मराठीत दोन्हींत छापलंय. तीन आठवड्यांपूर्वीच तिनं गुरुजींकडून जगन्नाथरावांना परस्पर पत्र लिहवलं होतं. मी रोज सुतळी घेऊन शाळेत जात होतो तेव्हा गुरुजींना हे ठाऊक होतं, आणि ते खुंटीकडे बोट दाखवत होते! मी चिकलठाण्याला कुंपणाशी उभा होतो त्याच दिवशी पास पोस्टानं परतुरात आला. तेव्हा वरचं सगळं पत्र रद्द समजावं. नवीन लिहायला वेळ नाही, आणि खरं म्हणजे नऊ तास पंचवीस मिनिटांची मेहनत फाडवत नाही.

आणखी ता. क. जगन्नाथरावांनी पास काढला, पण हे तुम्हाला आणि विहीणबाईंना सांगायची त्यांची हिंमत झालेली नाही. ते काम त्यांनी पासाबरोबरच्या चिठ्ठीत सासऱ्यावर टाकलंय. म्हणून हे पत्र पोस्टात न टाकता तिच्याच हाती देतोय. गुरुजी तिला आगगाडीनं औरंगाबादला नेऊन उद्या सकाळी विमानात बसवतील. म्हणजे हे वाचत असाल तेव्हा ती तुमच्या उंबऱ्याबाहेर बोचकं घेऊन उभी असेल आणि कुणी आत बोलावण्याची वाट पाहत असेल. काकासाहेब, विहीणबाई, तिला आत घ्या. दोन महिने राहील, काही मागणार नाही. मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज ती मोडणार नाही. गुरुजींनी तिला सांगून पाहिलं की मुंबईचं पाणी म्युनिसिपालटीचं असतं, व्याह्यांचं फक्त भांडं. पण ती म्हणते, नळ त्यांच्या मोरीत, म्हणजे पाणी त्यांचंच. तिचा तांब्या तिच्याजवळ आहे, शेजारच्या बिऱ्हाडाला तेवढं तो भरून द्यायला सांगून ठेवा. मात्र बाळ रडलं की पहिला पेला विहीणबाईंनी आपल्या हातानं तिला द्यावा. एवढी मेहरबानी करावी.

शेवटचं. तिला वाचता येत नाही, म्हणून हे इथं लिहितोय. मोठ्यानं वाचू नये. ती विमानाला फार घाबरलीय. विचारलं तर न्हाई म्हणेल. काल तिनं पोस्टाच्या खिडकीत उभं राहून तीन वेळा विचारलं की वर गेल्यावर माणसाला खालचं गाव दिसतं का. तिला आधी खुर्चीवर बसवा, मग रजनीला समोर आणा. लगोलग नको, दोघी रडतील आणि रजनीला आता रडणं बरं नाही. इकडचं माझं म्हणाल तर भाकरी मला येते, आकार येत नाही. ती सव्वा तासात पोचेल, पण पोचली हे मला कळायला तुमचं पत्र चार दिवस घेईल. ते चार दिवस मोजायला माझ्याकडे कोणतंच माप नाही. म्हणून हे हातातलं पत्र खाली ठेवा आणि आधी दोन ओळी लिहून पेटीत टाका, गुडघा कोणता का दुखत असेना. जल्दी लिहा.